गाडीचा पुढचा शॉकअप घरी काढताना: जीव सांभाळून कसं काम करावं

पावसाळाभर मुंबईच्या खड्ड्यांतून गाडी हाकली की गणपतीपर्यंत पुढून खडखड ऐकू येऊ लागते. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो बदलायचाच. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येतं. फक्त दोन गोष्टींशी खेळ नको: जॅकवर उचललेली गाडी आणि दाबलेली स्प्रिंग. इथे लिहिलेली पद्धत मॅकफर्सन पद्धतीच्या, म्हणजे स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेल्या, शॉकअपसाठी आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तोच असतो.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते जाम झालेले असतात. सकाळी जोर लावून तोडण्यापेक्षा रात्रभर तेल मुरू देणं बरं.

गाडी उचलणं

जागा सपाट हवी. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक आहेत आणि एकदा जॅकखालचा ब्लॉक माझ्या डोळ्यांदेखत खचला. चाक काढून मी दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याखाली सरकवून ठेवलं होतं, म्हणून गाडी त्यावर टेकली. तेव्हापासून जॅक आणि स्टँड (उचललेली गाडी टेकवायची घोडी) दोन्हींखाली जाड फळी घालतो.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. वीट नको, ती फुटते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक लावून पुढच्या दोन्ही बाजू स्टँडवर घ्या. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) पीळ बसतो आणि लिंक रॉड (तो दांडा शॉकअपला जोडणारी छोटी कांडी) सुटताना झटका देतो. गाडी हाताने हलवून बघा. डुगडुगली तर उतरवून पुन्हा लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

सोडवण्याचा क्रम

चाक काढल्यावर आधी मोबाइलवर फोटो घ्या. एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि ब्रेकची नळी शॉकअपवरच्या क्लिपमधून सोडवा. मग लिंक रॉडचा नट. तो फिरवताना आतली पिनही फिरते, म्हणून पिनच्या टोकाला ॲलन की (षटकोनी पाना) लावून ती धरा.

आता शॉकअप नकलला (चाक ज्यावर बसतं त्या जाड भागाला) जोडणारे खालचे दोन बोल्ट. त्यांची जागा मार्करने आखून ठेवा, काही गाड्यांत चाकाचा कल याच बोल्टांवर ठरतो. लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणाऱ्या आडव्या भुजेखाली) जॅकचा हलका आधार द्या. बोल्ट ठोकायचा असेल तर नट दोन आटे उलटा चढवून त्यावर लाकूड ठेवून ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. बोल्ट निघताच नकल बाहेर कलंडतो, तो तारेने बांधा. नाहीतर ब्रेकची नळी ताणली जाते आणि एक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो.

वरचे, बॉनेटखालचे नट सगळ्यांत शेवटी. एका हाताने शॉकअप धरा, जमल्यास घरातलं कुणी मदतीला घ्या. या नटांच्या मधोमध एक मोठा नट दिसेल. त्याला पाना लावू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच्याच जोरावर आत आहे. तो सुटला तर स्प्रिंग गोळीसारखी उडते, चेहऱ्याची हाडं मोडण्याइतकी.

स्प्रिंग काढायची असेल तर अख्खा शॉकअप पिशवीत घालून सस्पेन्शनच्या दुकानात न्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे भाग मिळतात आणि असं काम करणारेही भेटतात. सैल हुकांचा स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) आणून घरी प्रयोग करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. शॉकअप जोडीनेच बदला, नाहीतर गाडी दोन बाजूंना वेगळी वागते.

परत बसवताना क्रम उलटा. नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच आवळा. लोअर आर्मही काढला असेल तर त्याच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के करा. आधी आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल जुळवणं) करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा.