वळणावर पिकअप वाजते तेव्हा या चुका टाळा

पिकअप वळवताना खालून 'कट' असा आवाज आला की गाडीमालक गॅरेजमध्ये शिरताच निदान सांगून मोकळा होतो: शॉकअप गेले आहेत, बदलून टाका. उभ्या गाडीचे स्टेअरिंग सावकाश फिरवताना शॉकअप जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे त्या वेळी येणारा आवाज त्याचा असण्याची शक्यता फार कमी असते. त्याच्या टोकाचा बुश (जोडातली रबरी गादी) फाटलेला असेल तर तो वाजतो, पण तो खड्ड्यात अधिक वाजतो. म्हणून सुटे भाग विकत घेण्याआधी आवाज नेमका केव्हा येतो हे ठरवावे. उभ्या गाडीत येत असेल तर बॉल जॉइंट (चाक धरणाऱ्या आर्मच्या टोकाचा गोल सांधा), टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा) किंवा स्टेअरिंगचे सांधे पाहावेत; वेगात वळताना गाडी एका बाजूला कलल्यावर येत असेल तर स्टॅबिलायझरच्या (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक व बुश आणि मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे टोकाच्या हलत्या कड्या, पाहावेत. आणि या सगळ्याच्या आधी स्टेपनीची साखळी आवळलेली आहे का, चाकांचे नट घट्ट आहेत का आणि सीटमागचा जॅक सैल पडलेला नाही ना, हे बघून घ्यावे.

मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून आलेले नवशिके हमखास सीव्ही जॉइंटचे, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणाऱ्या सांध्याचे, नाव घेतात. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या मोटारीत वळताना येणारी कटकट बहुधा त्याचीच असते, हे खरे आहे. परंतु आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे जाते आणि पुढे सीव्ही जॉइंट मुळी नसतोच. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत तो असू शकतो. तिथे सांध्यावरचे रबरी आवरण म्हणजे बूट फाटून ग्रीस उडाले आहे का ते पाहावे. मात्र अशी गाडी फोर व्हीलमध्येच ठेवून कोरड्या डांबरावर वळवली, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या ओढाताणीने ती अडखळते व वाजते. तो बिघाड नसून चालवणाऱ्याची सवय आहे.

आता ज्या चुकीचा मला खरोखर कंटाळा आला आहे ती सांगतो, ती म्हणजे जॅक चुकीच्या जागी लावणे. पिंपळगाव बसवंतकडचा टोमॅटो वाहणारा एक जण आपली पिकअप घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा तिचे शॉकअप, लिंक रॉड आणि मागच्या पाट्यांचे बुश असे सगळे नवे होते आणि डावीकडे वळतानाचा आवाज मात्र जसाच्या तसा होता. आधीच्या कारागिराने प्रत्येक वेळी चॅसीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) जॅक लावून चाक हलवून पाहिले होते आणि प्ले (ढिलेपणा) नाही असे सांगितले होते. ज्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारा दांडा) चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर काम करतो, तिथे चॅसी उचलली तरी स्प्रिंग त्या आर्मला खाली रेटत राहते, बॉल जॉइंट ताणलेलाच राहतो आणि झीज लपते. मी खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ जॅक लावला, चाक जमिनीपासून जेमतेम सोडवले आणि टायरखाली पहार घालून वर दाबली, तर सांधा उघड उघड उचलला गेला. बूट फाटलेला होता आणि आत ग्रीसऐवजी गंज होता. असा सांधा निसटला की चाक बाहेर कोलमडते आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. हा गृहस्थ त्याच गाडीत माल भरून कसारा घाट उतरून वाशीला जाणार होता. त्याला मी गाडी हलवू दिली नाही, त्यावर तो चिडला, आणि तेवढ्यापुरते ग्रीस मारून द्या म्हणाला. झिजलेल्या बॉल जॉइंटमध्ये ग्रीस भरल्याने आवाज काही दिवस दबतो, प्ले तसाच राहतो. त्यामुळे या मागणीला माझे उत्तर कायम नकारार्थीच असते.

याच तपासणीत बेअरिंगची गल्लतही टाळता येते. चाक वर-खाली धरून हलवताना प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे: प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, टिकून राहिला तर बॉल जॉइंट, आणि पुढे सरळ ॲक्सल असलेल्या गाडीत किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती खीळ). बेअरिंगचा आवाज घुरघुरीचा असतो आणि वेगाबरोबर वाढतो. डावीकडे वळताना वाढला तर भार उजव्या चाकावर गेलेला असतो, म्हणून आधी उजवे बेअरिंग पाहावे. गाडी उचलल्यावर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, स्टँड लावावा.

करकर ऐकू आली की जळके ऑइल किंवा डिझेल ओतण्याची पद्धत रबरी बुशच्या मुळावर येते. खनिज तेलाने रबर फुगते, मऊ पडते. शिवाय पाट्यांवरच्या ऑइलवर धूळ बसून झीज वाढते. मी एकेका बुशवर साबणाचे पाणी शिंपडतो. ज्यावर शिंपडल्यावर करकर थांबते तो बुश सापडला असे समजावे आणि बदलावा.

नवा बुश बसवतानाही घाई नडते. धातूच्या नळीला चिकटवलेल्या रबराचा बुश चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उभी करावी, थोडी दाबून बसवावी आणि मगच पाना फिरवावा.

स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर पॉवर स्टेअरिंगचा पंप गुंजतो, ते सस्पेन्शन नव्हे. तिथे दाबून धरू नये एवढेच.

मागून 'धड' असा आवाज येत असेल तर पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट तपासावेत. नवे पाटे घातल्यावर हे बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा, समोरासमोरच्या तिरक्या क्रमाने आवळावे लागतात, आणि हे काम ग्राहक हमखास टाळतात. बोल्ट सैल राहिले की पाट्यांच्या मधोमध जाणाऱ्या सेंटर बोल्टवर भार येऊन तो तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. अशा वेळी नुसता सेंटर बोल्ट घालून देणाऱ्या कारागिराकडून यू-बोल्टही नवे घालून घ्यावेत, कारण एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाहीत.