पत्र्याखालचे कार्यालय: उकाडा आणि पावसाचा आवाज
भोसरीतील आमच्या कार्यालयाच्या पत्र्याखाली मी आधी ५० मिलिमीटर जाडीचे थर्माकोल बसवून घेतले. उन्हाळ्यातला उकाडा कमी झाला, पण जूनमध्ये पहिली जोरदार सर आली तेव्हा समोरच्या माणसाचे बोलणेही ऐकू येईना. थर्माकोल उष्णता अडवते, मात्र त्याची छिद्रे बंद असल्याने ते आवाज फारसा शोषत नाही, आणि आगीचा धोका वेगळाच. म्हणून ते काढून प्रति घनमीटर ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या) लाद्या पत्र्याला खालून घट्ट भिडवल्या आणि त्याखाली जिप्समचे छत टांगले. मधल्या भिंतीही थेट पत्र्यापर्यंत नेल्या, कारण बैठकीच्या खोलीतले बोलणे छतावरच्या पोकळीतूनच बाहेर जात होते. दिव्यांभोवतीच्या फटी मी स्वतः शिडीवर चढून सीलंटने बुजवल्या; बोटभर फटीतूनही आवाज येतो.