संगणकाचं घड्याळ चुकतंय? आधी किती चुकतंय ते बघा

घड्याळ चुकलं की आपण मोबाइलमध्ये बघून आकडे भरतो आणि ओके दाबतो. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण फरक किती आहे यावरूनच दुखणं कळतं आणि तो पुरावाच आपण पुसून टाकतो.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर टाइम सर्व्हरला (नेटवरून अचूक वेळ देणाऱ्या संगणकाला) हात लावू नका. सर्व्हरकडून येते ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. टाइम झोन त्यात नसतो, तो तुमच्या मशीनने जोडायचा असतो. यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' निवडलंय का ते बघा. (त्याच यादीतलं 'श्री जयवर्धनपुरा' निवडलं गेलं असेल तरी वेळ बरोबरच दिसेल, घाबरू नका.) एकाच मशीनवर दोन्ही असताना, झोन ठीक असूनही लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे जाते? मग भांडण त्या दोघांचं आहे. मदरबोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी. दोघांपैकी एकाची सवय बदला.

तारीख काही वर्षं मागे गेली तर वीज नसताना बोर्डावरचं घड्याळ चालवणारा सेल गेला. एका पतसंस्थेतून मला दर सोमवारी फोन यायचा, "सर, काउंटरच्या पीसीवर साइट उघडत नाही, सर्टिफिकेट एरर येतोय." साइटचं सर्टिफिकेट ठरावीक तारखांपुरतंच चालतं, तारीख चुकली की ब्राउझर ते नाकारतो. मी जाऊन तारीख लावायचो, साइट उघडायची, चहा घेऊन परत. तिसऱ्या सोमवारी कॅबिनेट उघडलं. ३ व्होल्टचा २०३२ नंबरचा सेल मीटरवर २.३ दाखवत होता. पण सोमवारच का? शिपाई फक्त शनिवारी मेन स्विच पाडायचा. एरवी पीसी बंद असला तरी भिंतीतली वीज घड्याळाला मिळायची, सेलवर वेळच यायची नाही.

सेल बदलल्यावर मात्र तारीख-वेळ एकदा हाताने लावा, मगच सिंक करा, म्हणजे टाइम सर्व्हरशी जुळवा. डोमेनमध्ये (एका मुख्य सर्व्हरच्या, म्हणजे डोमेन कंट्रोलरच्या, ताब्यातल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये) नसलेलं विंडोज साधारणपणे १५ तासांपेक्षा मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही.

काही सेकंद किंवा मिनिटांचा फरक हळूहळू वाढत असेल तर सिंकच होत नाहीये. बोर्डावरच्या घड्याळाला ठोके देणारा क्रिस्टल दिवसाला एक-दोन सेकंद सहज सरकतो. सेटिंग्जमध्ये 'डेट अँड टाइम'खाली 'सिंक नाऊ' दाबा. तिथे एरर आला आणि "पण नेट तर चालू आहे!" असं कुणी म्हणालं, तर नेटवर्कची ये-जा अडवणारी फायरवॉल बघा. ब्राउझरची वाट वेगळी. वेळ जुळवण्याची पद्धत, म्हणजे एनटीपी, यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवरून (नेटवर्कच्या दारातून) जातं आणि ऑफिसच्या फायरवॉलमध्ये नेमकं तेच बंद असतं.

सर्व्हर किती द्यायचे? लिनक्सवर दोन देणारे बरेच भेटतात. दोघांची वेळ वेगळी आली तर खरा कोण हे ठरवायला तिसरा लागतोच. मी चार देतो. भारतात एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) आणि दिल्लीच्या एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे) सर्व्हर आहेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी घड्याळं त्यांच्याशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत.

डोमेन असेल तर प्रत्येक पीसीला बाहेरचा सर्व्हर देत बसू नका. पीसी डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतात, बाहेरची वेळ फक्त मुख्य कंट्रोलरने घ्यायची. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेनमधली ओळख तपासणारी कर्बेरॉस पद्धत लॉगिन नाकारते आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. कंट्रोलर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर आणखी एक गंमत: तो होस्टकडून (ज्या खऱ्या मशीनवर तो चालतो तिच्याकडून) वेळ घेतो, होस्ट डोमेनकडून, आणि दोघं एकमेकांना विचारत निवांत चुकत राहतात. कंट्रोलरचं होस्टशी असलेलं टाइम सिंक बंद करा.

राहिला सीसीटीव्हीचं फुटेज साठवणारा डीव्हीआर. त्याला बहुधा इंटरनेटच दिलेलं नसतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि चोरी झाल्यावर फुटेजमधली वेळ अर्धा तास पुढे निघते. त्याच्या एनटीपीच्या रकान्यात ऑफिसमधल्याच टाइम सर्व्हरचा आयपी टाका.