आधी गेमला विचारा, मग विंडोज ११ घाला

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर दोन पाळ्यांत राबतो. सकाळी नऊपासून त्याच्यावर लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, दुकानांच्या पाट्या, मराठीत आणि कन्नडात. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच्यावरच काउंटर-स्ट्राइक २. खानापूरचा पाऊस एकदा लागला की संध्याकाळी दुसरीकडे जायचं तरी कुठं? २०१९ मध्ये बेळगावात सुटे भाग घेऊन हा पीसी जोडून घेतला: रायझन ५ २६०० प्रोसेसर, आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेला नवरदेवाचा भाऊसुद्धा तेच विचारतो, "अण्णा, विंडोज ११ घालू काय?" मी उलट विचारतो, "खेळतोस काय?" ते कळल्याशिवाय मी काही सांगत नाही.

आधी घबराट काढून टाका. सपोर्ट संपला म्हणून विंडोज १० बंद पडत नाही. पीसी सुरू होतो, गेम चालतात. थांबतात ते दर महिन्याचे सुरक्षा अपडेट. तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालू ठेवता येतात: विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी, मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नसेल ठेवायचा तर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. खातं मात्र तिन्ही वाटांना लागतंच. म्हणजे निवांत विचार करायला वेळ आहे. घाई करून काय होतं ते माझ्या भाच्याला विचारा.

भाचा वडगावला राहतो, घराच्या दोन्ही अंगांना माग. त्याच्याकडे एका ऑफिसातून निघालेला सेकंडहँड पीसी आहे, आय५ ३४७० चा, त्यात जीटीएक्स १०५० टीआय बसवलेलं. खेळतो फक्त व्हॅलोरंट. मित्राने त्याला पेनड्राइव्ह करून दिला, पीसी चालण्यासारखा आहे का ह्या मायक्रोसॉफ्टच्या तपासण्या चुकवून विंडोज ११ बसवणारा. बसलंही झकास. मग फोन आला, "मामा, सगळं चाललंय, गेमच उघडंना झालीय बघ." स्क्रीनवर एरर, व्हॅन ९००१.

ह्या एका ओळीत सगळा मुद्दा आहे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड नावाचं जे लबाडी पकडणारं पहारेकरी सॉफ्टवेअर आहे, ते विंडोज ११ वर टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागतं. विंडोज १० वर ही अट त्याने सरसकट घातलेली नाही. तिसऱ्या पिढीच्या त्या आय५ मध्ये टीपीएम २.० नाहीच. म्हणजे पोराने मायक्रोसॉफ्टच्या दारवानाला चुकवलं, पण आतला दारवान गेमचा होता. विंडोज १० वर धावणारी गेम त्याने स्वतःच्या हाताने बंद पाडली. मागे जायची सोय असते, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत, पण फक्त १० दिवस. मला फोन आला तो बाराव्या दिवशी.

म्हणून पहिलं काम पीसीला हात न लावता करायचं. गेल्या महिन्याभरात खरोखर खेळलेल्या गेम कागदावर लिहा, आणि प्रत्येकीसाठी तिच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर विंडोजची अट बघा. स्टीमवरच्या जुन्या एकट्याने खेळायच्या गेमना बहुतेक फरक पडत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमना पडतो. बॅटलफील्ड ६ विंडोज १० वर असलात तरी सिक्युअर बूट मागते. कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ७ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही. तेव्हा खरा प्रश्न पुष्कळदा "दहा की अकरा" हा नसतोच; बायॉसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधल्या, ह्या दोन खिट्ट्या तुमच्याकडे आहेत का, हा असतो.

त्या बघायला पाच मिनिटं लागतात. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ हे नाव इंग्रजीत टाइप करा. उघडलेल्या यादीत तीन ओळी वाचा: प्रोसेसर, बायॉस मोड, सिक्युअर बूट स्टेट. विंडोज ११ साठी प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा, नाहीतर माझ्या २६०० सारखा रायझन २००० मालिकेतला किंवा नंतरचा हवा. रायझनचा नुसता आकडा बघून फसू नका, नेमकं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधा. टीपीएमसाठी पुन्हा विंडोजची कळ आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाका, हेही इंग्रजीत. "सापडला नाही" असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. इंटेलच्या बोर्डात तो पीटीटी नावाने, एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम नावाने बायॉसमध्ये झोपलेला असतो, माझ्यातही होता.

आता बायॉस मोडची ओळ. तिथं यूईएफआय, म्हणजे पीसी सुरू व्हायची नवी पद्धत, लिहिलेलं असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर बसा, कारण आपल्याकडच्या जुळवलेल्या पीसींचं खरं दुखणं इथं आहे. जोडणाऱ्याने त्याच्या जुन्या पेनड्राइव्हने विंडोज टाकलेलं असतं, डिस्क एमबीआर पद्धतीची (डिस्कच्या तुकड्यांची नोंद ठेवायची जुनी पद्धत), आणि वर सवयीने सी, डी, ई असे तुकडे. सिक्युअर बूटला डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, लागते. डेटा न पुसता ती बदलणारं एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे. पण ते तीनपेक्षा जास्त प्रायमरी तुकडे किंवा एकही लॉजिकल तुकडा दिसला की काम नाकारतं. त्यामुळे आधी त्याची नुसती तपासणी, व्हॅलिडेट, करून बघायची, ते नाही म्हणालं तर डी-ई मधला माल बाहेर काढून तुकडे मिटवायचे. क्रम चुकवू नका: आधी डिस्क जीपीटी, मग बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद, मग सिक्युअर बूट. उलटं केलंत तर पीसी सुरूच होणार नाही. तसं झालं तर फॉरमॅट मारत सुटू नका, सीएसएम परत चालू करा, जुनं विंडोज जागेवर असतं.

बायॉसचं अपडेट करायचं असेल तर पावसाळ्यात करू नका. मी केलं. रायझनमध्ये एफटीपीएम चालू केला की मधूनमधून गेम क्षणभर अडखळते, अशी तक्रार होती, आणि एएमडीने २०२२ मध्ये त्याचा इलाज बायॉस अपडेटमधून दिला. तो घ्यायला म्हणून जुलैतल्या एका संध्याकाळी बसलो. निम्म्यात करंट गेला, यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे मला त्याच क्षणी कळलं. बोर्ड काखोटीला मारून बेळगाव गाठलं, चिप काढून पुन्हा लिहून घेतली. दोन दिवस दुकान बंद आणि एका पत्रिकेचं गिऱ्हाईक नंदगडला गेलं ते गेलंच. यूपीएसवर दहा मिनिटं पीसी टिकतो का हे आधी प्लग उपसून बघा, मगच बायॉसला हात घाला.

ग्राफिक्स कार्डाचा हिशोब वेगळा. भाच्याचं १०५० टीआय पास्कल पिढीतलं. त्या पिढीला एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अपडेट तेवढे. विंडोज बदलून ह्यात काही फरक पडत नाही. आरटीएक्स कार्ड असेल तर मात्र पडतो: विंडोज १० साठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुष्कळ प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन जातीचे कोर असतात, त्यांच्यात कामाची वाटणी विंडोज ११ नीट करतं. तसा पीसी असेल तर फार खल नको, अकराच घाला.

हे सगळं जुळलं तरी माझा एक हट्ट आहे. चालत्या डिस्कवर अपग्रेडचं बटण दाबायचं नाही. वेगळा एसएसडी घ्यायचा, अकरा त्याच्यावर बसवायचं. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीला असे चढले की नवा पीसी जुळवायची गोष्टच सोडा. एक छोटा एसएसडी त्यामानाने परवडतो. आठ जीबीचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साधनाने तयार करा. फाइल पाच जीबीच्या वर आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेणार असाल तर दिवसाची मर्यादा बघून. मग जुन्या डिस्कची वायर काढा. हे महत्त्वाचं. दोन्ही डिस्का जोडलेल्या राहिल्या तर विंडोज आपलं बूटचं सामान कधी कधी जुन्या डिस्कवर टाकून बसतं, आणि नंतर एक काढली की दुसरीही चालत नाही. बसवताना प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे की नाही" म्हणा आणि जुनी होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो निवडा. खरं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, नेट लागलं की आपोआप लागू होतं. तुमचं "खरं" आहे का, ते दुकानदाराला न विचारता सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनला विचारा.

गेम वेगळ्या डिस्कवर असतील तर पुन्हा उतरवू नका. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथं ती डिस्क जोडा, सगळ्या गेम यादीत परत येतात. मी एकाच रात्रीत खेळायला बसलो. आणि खरं सांगू, फरक? काउंटर-स्ट्राइकमध्ये मला एक फ्रेम जास्त दिसली नाही. एचडीआर मॉनिटर असेल तर जुन्या गेमचे रंग ऑटो एचडीआरने खुलतात म्हणे, माझा मॉनिटर पत्रिकांचा आहे. गेम उलट संथ वाटली तर विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का बघा. गेम खेळताना ती बंद करता येते असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, पण तिचं काम सुरक्षेचं आहे, खेळून झालं की परत लावा.

माझं घोडं अडलं ते दिवसपाळीत. अक्षरजुळणीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं डोंगल, म्हणजे ते उघडायची किल्ली, लागतं, त्याचा ड्रायव्हर ह्याच मेमरी इंटिग्रिटीने अडवला. पत्रिका उघडेना, गिऱ्हाईक समोर बसलेलं. जुना एसएसडी जोडला, दहा मिनिटांत काम सुरू. वेगळ्या डिस्कचा हट्ट मी का धरतो ते इथं कळेल. आपल्या भागात गेमिंग पीसी नुसता गेमिंगचा क्वचितच असतो: कुणी त्याच्यावर नुडी सॉफ्टवेअरमध्ये कन्नड टाइप करतं, कुणाची टॅलीची वही त्यातच, कुणाचा प्रिंटर पंधरा वर्षांचा. म्हणून गेमच्या कागदाच्या मागच्या बाजूला, उद्या सकाळी काय काय उघडलंच पाहिजे, तेही लिहा. आणि पहिल्या आठवड्यात त्यातली एकेक गोष्ट नव्या डिस्कवर उघडून, छापून बघा.

एक राहिलं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने बसवलेलं अकरा डिस्क आपणहून कुलूपबंद करू शकतं. पुढे कधी बायॉस बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण पीसीच बंद पडल्यावर आणि पासवर्ड आठवेनासा झाल्यावर खात्याचा काय उपयोग? मी कागदावर छापून पत्रिकांच्या नमुन्यांच्या फाइलीत लावून ठेवलीय, साखरपुड्याच्या पानानंतर.

भाच्याच्या पीसीवर मी विंडोज १० परत टाकलं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची नोंदणी केली, पैशाचे व्यवहार त्याच्यावर करायचे नाहीत असं बहिणीला सांगितलं. त्यानंतर त्याला बोर्ड-प्रोसेसर बदलावाच लागेल, तोवर साठव म्हटलं. माझ्याकडे दोन्ही आहेत: अकरा पीसीत, आणि दहाचा एसएसडी गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये, वर मार्करने तारीख घालून. डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळून एक अख्खी लग्नसराई अकरावर निघेपर्यंत तो पुसणार नाही.