गाडीचा सबवूफर घरी लावताय? मग या चुका टाळा

दिवाळीचा बोनस झाला, जुनी गाडी विकून नवी घेतली, की डिकीतला बारा इंची सबवूफर (नुसता खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) घरात येतो. सोलापुरात हे आता नेहमीचंच झालंय. कल्पना मला आवडते. बारा इंची कोनचं, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याचं, क्षेत्रफळ रेडिमेड होम थिएटरमधल्या सहा इंची स्पीकरच्या चौपट असतं, आणि सेकंड हँड घेतला तर पैसेही फार जात नाहीत. डोकं फिरतं ते पुढच्या प्रकाराने. रविवारी दुपारी जोडायला घ्यायचं, संध्याकाळी सिनेमा लावायचा आणि सोमवारी माझ्या दारात उभं राहायचं, "काका, बास येईना की ओ."

येणार कसा? गाडी त्या स्पीकरला दोन गोष्टी फुकट देत होती, एक बंद केबिन आणि दुसरी बारा व्होल्टची दांडगी बॅटरी. घरात दोन्ही नाहीत. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

गाडीचा बॉक्स उचलून तसाच हॉलमध्ये ठेवणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त वाद हिच्यावरच होतात. "गाडीत तर काचा थरथरायच्या!" थरथरणारच. आवाजाची लहर केबिनच्या लांबीच्या दुपटीपेक्षा मोठी झाली की स्पीकर आख्ख्या केबिनमधली हवा एकदम दाबतो आणि सोडतो. पावणेतीन-तीन मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) खाली सुरू होतं. तिथून खाली फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की जवळजवळ १२ डेसिबलचा फायदा मिळतो. काचा-पत्र्यातून थोडा गळतो, तरी बराच हाती लागतो. गंमत म्हणजे सीलबंद बॉक्सचा बास खाली उतरताना नेमका तेवढ्याच वेगाने पडतो. बॉक्स पाडतो तेवढं गाडी भरून काढते, म्हणून छोट्या बॉक्समधूनही गाडीत खोल बास मिळतो.

आता तोच बॉक्स १२ बाय १६ च्या हॉलमध्ये ठेवा. खिडक्या उघड्या, स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. भरून काढणारं कुणी उरलंच नाही. राहतो तो ५०-६० हर्ट्झचा घुमारा.

विजापूर रोडचा एक पोरगा होता, नोकरीला लागलेला, हुशार, पण दम नावाची गोष्ट नाही. गाडीतला पाइपवाला बॉक्स त्याने टीव्हीशेजारी ठेवला. बास कमी वाटला म्हणून आधी आवाजाला ताकद देणारा मोठा अ‍ॅम्प आणला. तरी कमी वाटला म्हणून अ‍ॅम्पवरचा बास बूस्ट पूर्ण फिरवला, म्हणजे १२ डेसिबल. इथे जरा थांबून हिशेब करा. १२ डेसिबल म्हणजे सोळा पट पॉवर. जिथे १०० वॅट जात होते तिथे १६०० मागितले. अ‍ॅम्पकडे तेवढे नसतात, तो क्लिप होतो, म्हणजे लहरीची टोकं छाटतो, आणि स्पीकरमधली तारेची कॉइल तापत राहते. दोन सिनेमे निघाले असतील. माझ्याकडे आला तेव्हा कोनजवळ नाक नेताच जळक्या वार्निशचा वास आला. दोन्ही तळहातांनी कोन हळूच दाबला तर आत वाळूवरून चप्पल ओढावी तशी खरखर. कॉइलचे वेढे सुटून मॅग्नेटच्या फटीत घासत होते. "रिपेअर होईल ना?" होईल, पण रीकॉइलिंगच्या पैशात नवा बॉक्स आणि वर चांगला एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा सप्लाय) आला असता.

त्या बॉक्सचा पाइपही पाहिला. आतली हवा याच पाइपातून बासला साथ देते, आणि ती कोणत्या फ्रिक्वेन्सीला द्यायची ते ठरवणं म्हणजे ट्यूनिंग. चार इंची पीव्हीसी, जेमतेम १५ सेंटीमीटर लांब. ५० लिटरच्या बॉक्समध्ये १० सेंटीमीटर आतल्या व्यासाचा पाइप ३० हर्ट्झला ट्यून करायचा तर लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर लागते. १५ सेंटीमीटरवर ट्यूनिंग जातं थेट ४६ हर्ट्झला. डीजेच्या भिंतीसमोर नाचायला ते ठीक. सिनेमात मात्र ४६ च्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता फडफडतो आणि आवाज काहीच येत नाही. "मावत नव्हता म्हणून कापला" हे मला पाठ झालंय. मावत नसेल तर आतमध्ये एल्बो लावून वळवा. "मग तीन इंची लावतो, तो आखूड पडतो" म्हणणारेही भेटतात. तीन इंचीला खरंच २४ सेंटीमीटर पुरतात, पण आवाज वाढवला की त्यातून हवा फुसफुसते.

उपाय एकच, नवा बॉक्स, आणि तोही आकडे बघून. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित मांडून ठेवलंय. आपल्याला फक्त तीन आकडे लागतात: एफएस (स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या), क्यूटीएस (ती कंपनं किती आवरली जातात) आणि व्हीएएस (स्पीकरइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये). मॉडेल नंबर टाकला की बहुतेक स्पीकरची डेटाशीट नेटवर मिळते. समजा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ५० लिटर आहे. सीलबंद बॉक्ससाठी ०.७०७ ला ०.५ ने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा आणि जे येईल त्याने व्हीएएसला भागा. इथे एकच उरतो, म्हणून बॉक्स ५० लिटरचा. त्यात बसवलेल्या स्पीकरची कंपनसंख्या (रेझोनन्स) येते ४२ हर्ट्झ. एवढी आकडेमोड नको असेल तर विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आलेखच काढून देतं.

मी स्वतः पहिला बॉक्स सीलबंदच करायला लावतो. पाइपवाला खाली जास्त जातो हे खरं, पण त्याच्यात माप चुकलं की ते कानाला कळतं. सीलबंद चार-पाच लिटर इकडेतिकडे सहन करतो. आधी तो नीट वाजवा, महिनाभर ऐका, मग पाइपचं बघू. हे सांगितलं की पोरांची तोंडं पडतात. पडू देत.

बारा व्होल्ट कुठून आणणार?

कार अ‍ॅम्प घरात चालवायचा तर त्याला १२ व्होल्ट डीसी हवेत, आणि भरपूर अँपिअर हवेत. कमी वीज वाया घालवणाऱ्या क्लास डी अ‍ॅम्पमधून ३०० वॅट आरएमएस (सलग मिळणारे) काढायचे तर ८० टक्के कार्यक्षमता धरूनही ३७५ वॅट आत द्यावे लागतात, म्हणजे १२ व्होल्टला ३१ अँपिअर. अ‍ॅम्पच्या अंगावर छापलेले १५०० वॅट विसरा. फ्यूज बघा. ३० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या अ‍ॅम्पमधून १५०० वॅट निघत नाहीत, हे पाचवीच्या पोरालाही गुणाकार करून कळेल.

लोक काय काय लावतात! बॅटरी चार्जर लावतात. साध्या चार्जरचं आउटपुट स्वच्छ डीसी नसतं, त्यामुळे सबमधून १०० हर्ट्झची भणभण येते. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस लावतात. डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण स्वस्तातल्यांत १२ व्होल्टच्या लाइनवर त्यातले बरेच कमी मिळतात. स्फोटाचा सीन आला की व्होल्टेज बसतं, सप्लाय प्रोटेक्शनमध्ये जातो आणि नेमक्या त्याच जागी सब गप्प होतो. काही महाभाग तर हॉलच्या कोपऱ्यात लेड-ॲसिड बॅटरी ठेवून तिला चार्जर लावून ठेवतात. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. घरात पोरं झोपतात, देवापाशी निरांजन असतं. हे अजिबात करू नका.

एलईडी बोर्डवाले वापरतात तो १२ व्होल्ट ३० अँपिअरचा जाळीदार एसएमपीएस घ्या. छोट्या हॉलला तो पुरतो, कारण सिनेमात सरासरी पॉवर बरीच कमी लागते. पण लावण्याआधी त्याच्या बाजूच्या जाळीतून आत बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये ११०/२२० चं छोटं स्लाइड स्विच असतं. ते ११० वर राहिलं तर आपल्या २३० व्होल्टवर आतले कपॅसिटर फुटतात. जुळे सोलापुरात एका घरात हे झालं तेव्हा आजी सिलिंडर गेला समजून बाहेर पळाल्या होत्या.

त्याच्या पट्टीवर प्लसचे तीन आणि मायनसचे तीन स्क्रू असतात. तिन्ही वापरा, एकाच स्क्रूवर सगळा करंट ओढलात तर तो तापून काळा पडतो. टोकाला छोटा पिवळा-पांढरा पॉट (फिरवायचा स्क्रू) असतो, मल्टिमीटर लावून त्याने व्होल्टेज १३.२ च्या आसपास आणा. अर्थ जोडा. आणि २३० व्होल्टचे टर्मिनल उघडे असतात, म्हणून सगळं पत्र्याच्या डब्यात, वारा लागेल असं बसवा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. एप्रिल-मेमध्ये इथे बाहेरच ४२-४३ अंश असतात, आत काय होत असेल?

अ‍ॅम्पला प्लस-मायनस दिलं तरी तो चालू होत नाही, म्हणून "अ‍ॅम्प गेला" सांगत येणारेही असतात. आरईएम लिहिलेल्या स्क्रूला १२ व्होल्ट दिलेत का? गाडीत ते स्टीरिओ देतो. घरात प्लसमधून एक बारीक वायर, मध्ये छोटं स्विच, झालं काम.

ओहमचा खेळ

कार अ‍ॅम्प बाजूला ठेवून सब थेट घरच्या अ‍ॅम्पला लावणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. घरच्या अ‍ॅम्पच्या मागे ६ ते १६ ओहम असं काहीतरी छापलेलं असतं. कार सबला बहुधा दोन कॉइल असतात, प्रत्येकी ४ ओहम. समांतर जोडल्या की २ ओहम, मालिकेत जोडल्या की ८. घरासाठी मालिका. समांतर जोडून आउटपुट ट्रान्झिस्टर उडवलेले अ‍ॅम्प माझ्या टेबलावर कायम एखाददुसरा पडलेला असतो. जोडल्यावर मल्टिमीटरने बघा, ८ ओहमच्या जोडणीला साधारण ६ ते ७ दाखवेल. २ च्या खाली दाखवत असेल तर अ‍ॅम्पला हात लावू नका.

मालिकेत जोडताना एक कॉइल उलटी लागली तर दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि स्पीकर मुका होतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, प्रत्येक कॉइलला क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला की सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लस. सोल्डरिंग गन तापेपर्यंत हे होऊन जातं.

बाकीच्या, पटापट

माप बॉक्सच्या आतून धरा. ४० × ४० × ३१ सेंटीमीटर म्हणजे जवळपास ५० लिटर, पण हे बाहेरचं माप म्हणून सुताराला सांगितलंत तर १८ मिलिमीटरच्या एमडीएफ फळीमध्ये आत ३६-३७ लिटरच उरतात. त्यातूनही स्पीकरचं मॅग्नेट दोन-तीन लिटर खातं.

बॉक्स हवाबंद झालाय हे डोळ्यांनी कळत नाही. फेव्हिकॉल सुकला की आतून सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन ओढा आणि दोन दिवस उघडा ठेवा. मग स्पीकर बसवून फोनवरून २५-३० हर्ट्झचा टोन बारीक आवाजात लावा आणि पेटती अगरबत्ती सांध्यांजवळून, वायर जोडायच्या टर्मिनल कपच्या कडेने हळू फिरवा. धूर सरळ चढत असेल तर ठीक, जिथे तो थरथरतो तिथे गळती. बहुतेक वेळा टर्मिनल कपच सापडतो.

आत भरायला यंत्रमागाचा सुती कचरा नको. अक्कलकोट रोडला फुकट मिळतो हे माहीत आहे. तो दबून तळाला बसतो, आणि त्याचे तंतू मॅग्नेटच्या मागच्या भोकातून कॉइलपर्यंत जातात. उशीतला पॉलिस्टर फायबर वापरा, तोही पिंजून. एकाने आतल्या चारी बाजूंना जुनी सोलापुरी चादर चिकटवली होती. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते, तिला चादरीचं काय कळणार? चादर बिचारी वाया गेली.

६ बाय ९ चा ओव्हल दारातला स्पीकर म्हणजे सबवूफर नव्हे. त्याला बॉक्समध्ये घालून तो होत नाही.

क्रॉसओव्हर, म्हणजे कुठून खालचा आवाज सबकडे जायचा ती मर्यादा, एकाच ठिकाणी ठेवा. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झ लावलंय ना, मग अ‍ॅम्पवरचा लो-पास फिल्टर पूर्ण वर फिरवा किंवा बंद करा. दोन्ही लावले की मधला बास गायब होतो आणि लोक पुन्हा बास बूस्टकडे वळतात.

जागा शोधताना सब तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बास भरीव आणि एकसारखा वाटेल तिथे सबची कायमची जागा. घरचे हसतील. पत्र्याचं छत किंवा फडताळावर स्टीलची भांडी असतील तर काय काय वाजतं तेही याच वेळी कळेल.

केबल टीव्हीची वायर जोडल्यावर ५० हर्ट्झची घरघर सुरू झाली तर वायर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (अर्थला दोन वाटा मिळणं) आहे, आवाजाच्या पिनांच्या लाइनमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला देणाऱ्याचं दुकान बदला.

गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) हा व्हॉल्यूम नव्हे, हे मी सांगून दमलो. गेन शून्यावर ठेवा, रिसीव्हरचा आवाज रोज ऐकता त्याहून थोडा वर न्या, मग गेन हळूहळू वाढवा. सब कुठे ठेवलाय हे डोळे मिटून बोटाने दाखवता येऊ लागलं की एक टप्पा मागे या. तिथे मार्करने खूण करा, नॉबवर टेप चिकटवा आणि रिमोट घरच्यांच्या हातात द्या.