स्वतःशी बोलताना या चुका टाळा

पुण्यात पेठेत अभ्यासिका चालवतो. समोर भिंतीवर जिद्दीचे कागद चिकटवलेले आणि ओठांवर स्वतःलाच शिव्या, अशी मुलं वर्षानुवर्षं बघतोय. चुका त्याच त्याच, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यांत महागात पडते ती मनाने दिलेला निकाल खरा धरण्याची चूक. राज्यसेवा (एमपीएससी) पूर्व परीक्षेचे दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात. आमच्याकडचा एक मुलगा पहिला पेपर देऊन बाहेर आला, फाटकाशी इतरांची उत्तरं ऐकली, ‘गेलं सगळं, माझं नेहमी असंच होतं’ म्हणाला आणि सॅक उचलून रूमवर गेला. दुसरा पेपर, सीसॅट म्हणजे आकलन-बुद्धिमापनाचा, नुसता पात्रतेचा. ३३ टक्के पुरतात. पण तो दिलाच नाही तर पहिला तपासून उपयोग काय? पुढे कटऑफ लागला तो याच्या पहिल्या पेपरच्या गुणांच्या खाली. त्या संध्याकाळी माझ्या टेबलासमोर बसून तो उत्तरतालिकेच्या कागदाची घडी घालत होता, पुन्हा उलगडत होता. एका वाक्यापायी पोराचं वर्ष गेलं.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच टिपलं: असे विचार आपोआप, झपकन येतात आणि आपण ते तपासतच नाही. माझी सवय सांगतो. वाक्य जसंच्या तसं वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. ‘सगळं’, ‘नेहमी’, ‘कधीच’ यांवर काट मारायची. मग नक्की काय घडलं ते लिहायचं. ‘गेलं सगळं’चं ‘इतिहासाचे चार प्रश्न चुकले असतील’ होतं. एवढं घेऊन माणूस दुसऱ्या पेपरला बसू शकतो.

दुसरं टोक म्हणजे आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ घोकणं. घाईतल्या नवख्यांना हे फार आवडतं, कारण दोन मिनिटांत उरकतं. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगात, ज्यांना मुळात स्वतःबद्दल कमी वाटत होतं, त्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. मन लगेच उलट पुरावे काढतं ना! स्वतःला पटेल तेवढंच बोला: ‘काल २० गणितं सोडवली, आज तेवढीच सोडवीन.’ एकवीस दिवसांत मन बदलून देणाऱ्या व्हिडिओंवर माझा काडीचाही विश्वास नाही.

घाबरल्यावर ‘मी, मी’ करत बसू नका, स्वतःला नावाने हाक मारा. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४च्या प्रयोगांत भाषणाआधी असं करणाऱ्यांचं भाषण बरं झालं आणि नंतरचं कुढणंही कमी झालं. आपल्याकडे समर्थांनी मनाला ‘सज्जना’ म्हणूनच हाक घातली आहे. मी मुलांना घरचं नाव वापरायला लावतो: ‘बाळ्या, पाणी पी, पुढचा प्रश्न बघ.’

रात्री अकरानंतर आयुष्याचा हिशेब मांडू नका. दुसऱ्याच्या निकालादिवशी तर नाहीच. आणि शिव्या घातल्याशिवाय अभ्यास होत नाही, हे साफ खोटं. शिव्या खाऊन बसलेला मुलगा पुस्तक उघडायलाच घाबरतो.

‘मी नसलो तर कुणाचं काय अडणार’ असं मनात येऊ लागलं, तर मात्र वहीबिही बाजूला ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आमच्या अभ्यासिकेत तो पाण्याच्या पिंपावर चिकटवलाय, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही.