जुनी बाईक गोव्यात कशी सांभाळायची, आणि टायर घेताना काय बघायचं

जुनी बाईक परत रस्त्यावर आणायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला पैसा रंगावर जातो. टाकीला पॉलिश, सायलेन्सरला क्रोम, नवीन सीट कव्हर, मग फोटो, आणि टायर मात्र तोच, काकांनी कधीतरी घातलेला, कारण नक्षी अजून दिसते ना. बाबांची बुलेट असो, आरएक्स १०० असो की ओसरीवर गोणपाट टाकून ठेवलेली येझदी असो, माझं म्हणणं एवढंच की पैसे आधी रबराला द्या, म्हणजे टायर, ट्यूब, पेट्रोलचा पाइप, ब्रेकचे लायनर, आणि उरले तर क्रोम. गोव्यात तर जास्तच, कारण इथे बाईक चालवून कमी आणि उभी राहून जास्त खराब होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारी हवा, किनाऱ्याजवळ घर असेल तर स्पोक आणि सायलेन्सर बघता बघता गंजतात.

आधी किक मारू नका

खूप दिवस उभी असलेली गाडी मिळाली की हात शिवशिवतात, पण थांबा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत असेल तर सगळं काढून टाका, ते जाळून संपवायच्या भानगडीत पडू नका. मग टॉर्च मारून टाकीचा तळ बघा, तिथे गंज असेल तर तो कार्ब्युरेटरमध्ये जाणार म्हणजे जाणारच. कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडून साफ करा, प्लग काढून त्या भोकात इंजिन ऑइलचे चार थेंब सोडा आणि किक हाताने हळूहळू दाबून पिस्टन मोकळा फिरतो का बघा. जुनं इंजिन ऑइल काळं दिसो वा न दिसो, बदला. कास्ट आयर्न बुलेटला २०डब्ल्यू५० चालतं.

टू-स्ट्रोकवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं त्यांनी, एक जास्तीचं काम करायचं. आरएक्स १०० ला या टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, त्या बारीक पाइपात हवेचे बुडबुडे अडकलेले असतील तर इंजिनला ऑइल पोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. म्हणून पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळा, धूर होईल, होऊदे. येझदी-राजदूतला तर मिसळूनच घालायचं असतं, ते पंपावरच्या पोऱ्याला माहीत असेलच असं धरून चालू नका, आपलं माप आपल्या डिकीत ठेवा.

पेट्रोलचं अजून एक. आता पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं किंवा कडक करतं. पेट्रोल पाइप दोन बोटांत दाबून बघा, बिस्किटासारखा कडक लागला किंवा चिकट झाला असेल तर लगेच बदला, आणि नवीन घेताना इथेनॉलला चालणारा मागून घ्या, साधा पारदर्शक प्लास्टिकचा नको. कार्ब्युरेटरच्या वाटीचं वॉशर आणि टाकीखालच्या पेट्रोल कॉकचं रबर पण त्याच वेळी बदलून टाका, किरकोळ खर्च आहे. नाहीतर रात्रभर थेंब थेंब गळून सकाळी सगळ्या घराला पेट्रोलचा वास.

टायर: नक्षी नाही, तारीख बघा

आता मुख्य विषय. मेस्तला, म्हणजे आमच्याकडच्या मेकॅनिकला, विचारलं तर तो वाकून बघणार, अंगठा दाबणार आणि म्हणणार, "टायर बरो आसा मरे, आनी एक वर्स वता", म्हणजे टायर चांगला आहे रे, अजून एक वर्ष जाईल. मेस्त इंजिनातला देवमाणूस असेल पण या बाबतीत त्याचं ऐकू नका. टायर दोन प्रकारे मरतो, झिजून आणि वय होऊन, आणि जुन्या बाईकचा टायर जवळजवळ कायम वय होऊनच मरतो.

वय कसं बघायचं? टायरच्या बाजूच्या भिंतीवर लांबलचक नंबराच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारच्या ऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याला नमस्कार करा आणि झोपाळा बनवा. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचा, आणि सहा-सात वर्षांच्या पुढे मी तरी ठेवत नाही, नक्षी नवीकोरी असली तरी. वाकवून बघा, नक्षीच्या खाचांच्या तळाशी आणि रिमच्या कडेला बारीक केसासारख्या भेगा दिसतात. रबर कडक झालेलं असतं, कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही, पहिला पाऊस पडला की कळतं.

झिजण्यासाठी खाचांच्या मध्ये छोटे उंचवटे असतात, भिंतीवर त्यांच्या सरळ रेषेत टी डब्ल्यू आय किंवा बाण छापलेला असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. दुचाकीला कायद्याने कमीत कमी ०.८ मिलिमीटर खाच लागते, पण आमच्या पावसात तेवढ्यावर जाऊच नका, दोन मिलिमीटर राहिली की दुकान गाठा.

साइजचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो कारण जुन्या गाड्या इंचात आणि नवीन टायर मिलिमीटरमध्ये. जुन्या बुलेट स्टँडर्डला पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९, म्हणजे टायरची रुंदी सव्वातीन इंच आणि रिम एकोणीस इंची. आरएक्स १०० ला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. नवीन पद्धतीत ८०/१००-१८ लिहिलेलं असतं, त्यात ८० मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या शंभर टक्के, आणि रिम अठरा. स्प्लेंडरला पूर्वी २.७५-१८ यायचा, त्या जागी आता ८०/१००-१८ येतो, म्हणजे २.७५ मिळाला नाही तर तो चालतो. रिमचा आकडा मात्र तोच लागतो, तिथे तडजोड नाही.

साइजच्या शेजारी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, ५२ म्हणजे त्या टायरवर २०० किलोपर्यंत भार. अक्षर वेगाचं, J म्हणजे ताशी १०० किलोमीटर, L म्हणजे १२०, P म्हणजे १५०. मूळ टायरवर जे होतं त्याच्या खाली उतरायचं नाही, वर गेलं तर हरकत नाही.

आणि कृपा करून जाडा टायर घालू नका. मागे जाडा टायर घातला की फोटोत बुलेट भारी दिसते हे मान्य, पण अरुंद रिमवर तो चिमटून गोल होतो, वळणावर विचित्र पडतो, चेन कव्हरला किंवा मडगार्डला घासतो, आणि जुन्या इंजिनाला उगाच ओढायला जास्त. फार तर एक साइज वर, ते पण चाक घालून हाताने फिरवून सगळीकडे बोटभर जागा राहते हे बघून. पुढच्याला उभ्या रेषांचा रिब टायर जुन्या गाड्यांना छान जमतो, हँडल हलकं राहतं, मागे आडव्या-तिरक्या खाचांचा. खडबडीत डोंगराळ नक्षी खाणीच्या लाल चिखलात ठीक, पण ओल्या डांबरावर तिचा रस्त्याला टेकणारा भागच कमी, रोज म्हापसा-पणजी करणाऱ्याला ती काय कामाची?

कंपनी कुठली? एमआरएफचा कारखाना आपल्याच उसगावला आहे त्यामुळे आमच्याकडे लोक डोळे झाकून तोच मागतात, सिएट, टीव्हीएस पण चांगले आहेत. १९ इंची टायर प्रत्येक दुकानात नसतो, म्हणून लोक बेळगाव-कोल्हापूरलाही शोधतात. कंपनीपेक्षा दुकानात तारीख बघण्याला महत्त्व द्या, कमी खपाच्या साइजचा टायर गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला असू शकतो. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाचा असेल तर चालेल, त्याच्या पुढचा असेल तर परत ठेवायला सांगा, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी. पुढचा-मागचा शक्यतो एकदमच बदला.

बसवताना शेजारी उभे राहा

टायर कितीही चांगला असो, पंक्चरवाल्याने पाच मिनिटांत कोंबला तर वाया. जुना टायर निघाला की रिमची आतली बाजू बघायला मागा. तिथे गंज असतोच, पॉलिश पेपरने घासून घ्या, स्पोकची टोकं वर आली असतील तर घासून सपाट करा, आणि त्यावरची रबराची पट्टी नवीन घाला. ट्यूब पण नवीनच, त्याच साइजची, नवीन टायरमध्ये जुनी ताणलेली ट्यूब घातली की तिला घड्या पडतात आणि घडीवर पंक्चर. ट्यूबला टाल्कम पावडर लावून, जराशी हवा भरून आत सरकवायची, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो चाक फिरतं त्या दिशेला, आणि रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉलजवळ, म्हणजे हवा भरायच्या नळीजवळ.

हवा भरल्यावर रिमच्या कडेने टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका जागी आत गेली असेल तर परत हवा काढून साबणाचं पाणी लावून बसवायला सांगा. व्हॉल सरळ उभा हवा. तिरका दिसला तर ट्यूब आत सरकली आहे, आणि एक दिवस व्हॉल मुळातून फाटून हवा एकदम जाणार. त्याचा नट रिमवर करकचून आवळू नका, वरच्या टोपीकडे सोडून द्या.

मागचं चाक परत बसवताना दोन्ही बाजूच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, चेन दोन-अडीच सेंटिमीटर वरखाली हलली पाहिजे, चाक फिरवून जिथे सगळ्यात जास्त ताणते तिथे मोजायचं. चाक निघालेलंच आहे तर ड्रम उघडून लायनर बघा, चकाकत असतील तर पेपरने घासा, आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हवा गाडी थंड असताना, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेली. पंपावर सांगितलं नाही तर दोन्हीत सरसकट सारखी भरतात, पुढच्या चाकात बहुतेक मागच्यापेक्षा कमी लागते. नवीन टायरवर साच्याचा तेलकट थर असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर आरामात, वळणावर झोपवायची नाही, पावसात तर नाहीच.

पावसाळा

मेमध्ये चेन रॉकेलने धुऊन नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावा, पावसात दर आठवड्याला परत. क्लच आणि ब्रेकच्या केबलमध्ये ऑइल सोडा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ धरते आणि कव्हरखालीच गंज चढतो, छपराखाली उघडी ठेवलेली बरी. मेन स्टँडवर, म्हणजे मागच्या टायरवर एकाच जागी वजन पडत नाही. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, चालवणार नसाल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्ब्युरेटर सुकतो. बीचवर नेऊ नका, गाडी वाळूत नेणं कायद्यानेही बंद आहे, आणि किनाऱ्याजवळून फिरून आलात तर गोड्या पाण्याने धुऊन एक चक्कर मारा, ओली तशीच उभी करू नका. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक लागत नाही, अशा वेळी हळू चालवत ब्रेक हलका दाबून ठेवायचा, गरम होऊन सुकतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे फेरीबोटीचा धक्का. रायबंदरहून चोडणला जाताना भरती उतरली असेल तर उतारावर हिरवं शेवाळ, पुढे फेरीची ओली लोखंडी फळी, वर मागून हॉर्न. तिथे पुढचा ब्रेक विसरा, पहिला गिअर, दोन्ही पाय खाली, हँडल सरळ. कडक टायरवाला तिथेच आडवा होतो.

चालवायची कशी

रविवारी सकाळी लवकर, साखळीवरून केरी आणि वर चोर्ला घाट, यापेक्षा चांगला रस्ता जुन्या गाडीला गोव्यात नाही असं माझं मत. पण ती नवीन गाडी नाही हे लक्षात ठेवा. कास्ट आयर्न बुलेट चढावर तापते, ताकद उतरल्यासारखी वाटली की बाजूला घ्या, पाव-भाजी खा. उतरताना गिअरवर उतरा, ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की गरम होऊन सुटतो. टू-स्ट्रोकवाल्यांनी थ्रॉटल पूर्ण बंद करून लांब उतार उतरू नये, विशेषतः ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर, कारण पेट्रोल नाही तर ऑइलही नाही. मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर देत राहा.

कागद

पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते, मग दर पाच वर्षांनी, फॉर्म २५ भरून, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू लागतं. आरटीओत गाडी प्रत्यक्ष तपासतात, लाईट, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक, टायर, आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. गंजाने किंवा रंगाच्या जाड थराने नंबर वाचता आला नाही की खेप फुकट, म्हणून फ्रेम रंगवायला देताना त्या नंबरावर टेप लावायला सांगा, आणि रिन्यूअलला चवथीच्या आठवड्यात जाऊ नका.